प्लॅटिनम सोन्याहून दुर्मिळ, मग स्वस्त कसं?

सुवर्णनगरीकर (जळगाव):
भाच्याने साखरपुड्याला हट्टाने प्लॅटिनमची जोडी घेतली. त्याची अंगठी सैल होते म्हणून परवा बदलायला गेलो, तर पेढीवाला म्हणे, "घट धरावी लागेल, हे सोन्यासारखं नसतं." आई तेव्हाच म्हणाली होती, पांढऱ्या धातूत पैसे घालू नका. म्हणून विचारतो, हे सोन्याहून दुर्मिळ, तर भाव कमी का? आणि काढतं कोण? दुकानात "इम्पोर्टेड आहे" यापलीकडे उत्तर नाही.

खाणकरी (नागपूर):
दादा, इम्पोर्टेड म्हणजे बहुतेक दक्षिण आफ्रिका. जगात खाणीतून निघणारं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम तिथलं. रस्टनबर्गजवळ मी साडेतीन वर्षं कॉन्सन्ट्रेटर प्लांटवर काढली. खडक दळायचा, पाण्यात घोळायचा, धातूचे कण फेसावर उचलायचे, हे आमचं काम.

आपल्याकडच्या मँगनीजच्या खाणी बघितलेल्या, त्यामुळे पहिल्यांदा खाली उतरलो तो ऐटीतच. आत उभंच राहता येईना! रीफ, म्हणजे धातूचा थर, जेमतेम मीटरभराचा, आणि खोदाईही तेवढ्याच उंचीची. ड्रिलवाले गुडघ्यांवर बसून नाहीतर आडवे पडून मशिन रेटतात. एवढं करून टनामागे हाती लागतं साधारण ४ ग्रॅम, तेही प्लॅटिनम, त्याचे भाऊबंद धातू पॅलॅडियम आणि ऱ्होडियम, सोनं सगळं मिळून. त्यात प्लॅटिनम निम्म्याच्या आसपास. भाच्याची अंगठी ५ ग्रॅमची असेल तर तिच्यापायी अडीच-तीन टन खडक फुटलाय असं समजा.

कंपन्यांच्या पाट्या बदलत राहतात. अँग्लो अमेरिकन प्लॅटिनम २०२५ मध्ये मूळ घरातून वेगळी निघून वॅल्टेरा झाली. इम्पाला या दुसऱ्या खाण कंपनीने २०२३ मध्ये रॉयल बाफोकेंग प्लॅटिनम घेतली. (बाफोकेंग म्हणजे तिथली मूळ जमात, त्यांची गोष्ट भारी आहे. १९व्या शतकात त्यांच्या पोरांनी किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत राबून पैसे आणले आणि त्यातून आपलीच जमीन विकत घेतली. खाली प्लॅटिनम आहे हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.) लॉनमिन ही कंपनी २०१९ मध्ये सिबान्ये-स्टिलवॉटरकडे गेली.

लॉनमिन म्हटलं की मला त्यांची मारिकानाची खाणच आठवते. ड्रिलवाल्यांची मागणी महिना १२,५०० रँड (तिथलं चलन) पगाराची. संप चिघळला, आठवडाभरात १० जण गेले, त्यात दोन पोलीसही. मग १६ ऑगस्ट २०१२ ला पोलिसांनी ३४ जणांना गोळ्या घातल्या. मी दुसऱ्या कंपनीत होतो, रात्रपाळीला. एरवी कंट्रोल रूममध्ये रेडिओ ठणाणा वाजायचा, त्या रात्री कुणीतरी बंद केला आणि सकाळपर्यंत कुणी लावला नाही.

सायलेन्सरवाला (चिंचवड):
भाव कमी का ते मी सांगतो, आमच्या धंद्यातलं आहे. प्लॅटिनमचं मोठं गिऱ्हाईक सोनार नाही, गाडी. डिझेलचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते लागतं. मार्च २००८ मध्ये औंसाला दोन हजार डॉलरच्या वर होतं, सोनं हजाराच्या आसपास. २०१५ मध्ये डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली, युरोपात डिझेल गाड्यांकडे लोकांनी पाठ फिरवली आणि प्लॅटिनम पडलं ते बरीच वर्षं पडूनच राहिलं. पेट्रोलच्या गाड्यांना लागणारं पॅलॅडियम मात्र चढलं. ऱ्होडियम तर २०२१ मध्ये औंसाला तीस हजार डॉलरच्या घरात जाऊन आलं! सोन्याला बँका आहेत आणि तुमच्या-आमच्या आया आहेत. याला कारखान्यावर जगावं लागतं.

सुवर्णनगरीकर (जळगाव):
अडीच टन ऐकून भाचा गप्पच झाला. पण घट का धरतात ते राहिलंच की.

खाणकरी (नागपूर):
सोनं १०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला. सोनाराच्या नेहमीच्या भट्टीचं ते काम नाही. मोड बाहेर पाठवावी लागते, तो खर्च तुमच्या माथी. सैल होते एवढंच असेल तर बदलू नका, लेझरवाल्या कारागिराकडून माप कमी करून घ्या. आधी आतल्या बाजूला "पीटी ९५०" (हजारात ९५० भाग प्लॅटिनम) शिक्का आहे का बघा आणि बिल जपून ठेवा.