खालची पोवळी म्हणजे काय बँकेतली ठेव आहे का?

तळठोक
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणे "वरचे पोवळ्यांचे रीफ पांढरे पडले म्हणून छाती पिटू नका, साठ-सत्तर मीटर खाली तीच पोवळी गार पाण्यात सुखात आहेत, वर जागा रिकामी झाली की त्यांच्या अळ्या येऊन भरून काढतील." खाली लाइकचा नुसता पाऊस. एका ओळीत उत्तर देणार होतो पण डोकं इतकं फिरलं की धागाच काढला.

"तीच पोवळी" हे कोणी सांगितलं? 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लुईझ रोशा आणि मंडळींचा पेपर आला. पॅसिफिक आणि अटलांटिक दोन्हीकडे स्वतः बुडून मोजलं त्यांनी, तर खाली जावं तसे मासे बदलतात आणि पोवळीही बदलतात. लेप्टोसेरिस हे खालचं पोवळं बघा ना, ताटासारखं आडवं पसरतं, कडेला पापडाइतकं पातळ, कारण तिथे पोचतो तो जेमतेम एखादा टक्का उजेड आणि तोही निळा, मग प्रत्येक कण झेलायला आडवंच पडावं लागतं. हे वर भर उन्हात, लाटांच्या माऱ्यात येऊन फांद्यावाल्या पोवळ्यांची जागा घेणार? आणि त्याच पेपरात खाली मासेमारीचे दोर, कचरा आणि अटलांटिकात बाहेरून घुसलेले उपटसुंभ लायनफिश मासेही दिसल्याचं लिहिलंय. सुखात म्हणे.

शिंपलेवाली
तावातावाने लिहिलंस पण सोयीचं तेवढंच. जपानच्या ओकिनावात सेरिआटोपोरा हिस्ट्रिक्स नावाचं पोवळं 1998 च्या ब्लीचिंगनंतर, म्हणजे पाणी तापून पोवळी पांढरी पडल्यावर, उथळ पाण्यात दिसेनासं झालं, गेलं म्हणून सगळ्यांनी पाणी सोडलं, आणि ते निघालं चाळीस मीटरच्या आसपास जिवंत. मग हे काय, भूत?

तळठोक
जिवंत आहे, मान्य. पण जिवंत असणं वेगळं आणि वर येऊन संसार थाटणं वेगळं. बर्म्युडात पोवळ्यांच्या दोन जातींचे जीन तपासले होते, पेपर 2017 चा. एकीत वर-खाली ये-जा चालू, दुसरीत खालची आणि वरची जवळजवळ वेगळी घराणी. त्यामुळे आधी जात बघा आणि मग ठेव मोडायला निघा.

शिंपलेवाली
म्हणजे दोनातली एक माझ्या बाजूने बोलतेय. निम्मे मार्क मिळाले की मला, धन्यवाद.

उलटा_प्रवाह
तुम्ही दोघं जीन-जीन करत बसलात, "गार पाणी" हीच मुळात थाप आहे त्याकडे कोणाचं लक्ष नाही. 2019, हिंद महासागरातली चागोस बेटं. नव्वद मीटरपर्यंत ब्लीचिंग! वर उथळातली पोवळी ठणठणीत, उपग्रहाच्या नकाशावर काही नाही, कारण उपग्रह पृष्ठभागच बघतो. झालं असं की हिंद महासागराच्या डायपोलमुळे (पूर्व-पश्चिम तापमानाचा झोका) थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांच्यामधला थर, खाली ढकलला गेला आणि जिथे 22 अंश असायचे तिथे 29 पर्यंत गेलं. आणि हे सापडलं कशाने? रोबॉटच्या कॅमेऱ्याने, पाणबुड्या माणसांनी नाही.

बुडबुडा
आलं रोबॉट पुराण. शेवटचं वाक्य घालायची गरज होती का? रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून परत देणारं यंत्र) लावून हेलियमचं मिश्रण घेऊन शंभर मीटरवर जाणारा माणूस खाली मिळून दहा-पंधरा मिनिटं काढतो आणि त्यापायी वर येताना तासन्‌तास दोरीला लटकून राहतो. ते कशासाठी? कपारीत शिरलेला मासा तुमच्या कॅमेऱ्याला शेपूट दाखवतो फक्त. ओबामांचं नाव दिलेला तो गुलाबी-पिवळा मासा 2016 मध्ये हवाईच्या कुरे अटॉल बेटापाशी नव्वदेक मीटरवर पाणबुड्यांनीच पकडला. बोटीवर चहा पीत उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

उलटा_प्रवाह
चहा? अरे मीही आधी बुडायचोच. एकदा साध्या हवेवर पंचेचाळीसला गेलो पोवळी मोजायला, नवा होतो, मस्ती होती अंगात. खाली इतकं छान वाटत होतं की काय सांगू, भराभर नोंदी केल्या, एकही सुटली नाही अशी खात्री. वर येऊन स्लेट बघतो तर पाच ओळींत "पिवळं पिवळं पिवळं" आणि शेवटी एक बाण, कुठे जातोय माहीत नाही. एकच वसाहत मी तीनदा मोजली होती आणि ती पिवळीही नव्हती, टॉर्चमध्ये तपकिरी. रोबॉटला नायट्रोजन चढत नाही बाबा.

बुडबुडा
साध्या हवेवर पंचेचाळीस? मोजणी करायला? तुझ्या बरोबरच्याला आधी हाणायला पाहिजे होतं. तू गाढवपणा केलास म्हणून सगळे पाणबुडे झिंगलेले ठरत नाहीत. हेलियम कशासाठी असतो मग, फुग्यात भरायला?

उलटा_प्रवाह
भाषा सांभाळ. आणि बरं, खरं सांगतो, रोबॉटही साधूसंत नाही. मागच्या खेपेला आमची केबल एका ताटासारख्या पोवळ्याला अडकली, मी जॉयस्टिक ओढत राहिलो आणि स्क्रीनवर ते ताट कडेपासून मोडून उताराला घसरत गेलं. वीतभर तुकडा असेल. तिथे ती वाढतात वर्षाला काही मिलिमीटर, हिशोब करा. चहा काही घशाखाली उतरला नाही त्या दिवशी. झालं समाधान?

बुडबुडा
थोडं.

तळठोक
धागा माझा होता हो. विषय पोवळी.

शिंपलेवाली
तुझ्या विषयाचं मी बघते. चागोसचं मला माहीत नव्हतं, वाचलं आत्ता, बेकार आहे ते. त्या पोस्टवाल्याने "सुखात" हा शब्द काढावा आणि "तीच पोवळी" च्या जागी "त्यातली काही, काही ठिकाणी" असं घालावं. पण म्हणून खालचं काहीच कामाचं नाही असं तू सुचवतोयस तेही मला पटत नाही. ताहितीजवळ तीस ते पासष्ट मीटरवर जी गुलाबाच्या आकाराची पोवळी दिसली, तीन किलोमीटर लांब रीफ, ती बघूनही कोणी हात झटकत असेल तर झटको. यापुढे एक मीटरही खाली येणार नाही मी.

बुडबुडा
येऊ नकोसच. साध्या हवेवर तर अजिबात नको.