मदत हवी आहे: चुकून गहू पोटात गेला तर तुम्ही काय करता?

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही लातूरकडचे. माझ्या लेकीला ९ वर्षांची असताना सिलियाक (गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होते तो आजार) निघाला, तेव्हापासून गहू, मैदा, रवा, शेवया सगळं बंद. ज्वारीची भाकरी आमच्याकडं रोजचीच, त्यामुळं घरी काही अडत नाही, पण बाहेर गेलं की चुकतंच. यंदा येळवसला (वेळा अमावास्येला) शेतात गेलो, तिला मुद्दाम भज्जी (भाज्या-शेंगांची मिसळ भाजी), अंबील अन् बाजरीचे उंडेच वाढले, गव्हाच्या खिरीला हात लावू दिला नाही, पण जाऊबाईंनी खिरीतलीच पळी तशीच भज्जीत घातली आणि मला ते नंतर कळलं. रात्री पोट टम्म फुगलं, जुलाब, दोन दिवस लेकरू गळून पडलं. "आई, मी तर खीर खाल्लीच नव्हती ना" म्हणून रडत होती, काळीज तुटलं बघा.

मग घरातलं एकेक तपासत बसले तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं! इतके दिवस फोडणीत तेच. आणि गिरणीत आमच्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतातच, त्याचं काय करावं? घरघंटी घेतली का कुणी?

असं झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस लेकराला काय खायला देता? मी मऊ भात अन् मीठ-साखरेचं पाणी दिलं. आणि "एवढ्याशानं काय होतंय" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना न दुखवता कसं समजावता, तेवढं नक्की सांगा, पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे.