पेनसिल्व्हेनिया प्रायमरी: शनिवारी कोण येतंय?

प्रेषक: एक सभासद, एडिसन
७ एप्रिल २००८

नमस्कार मंडळी,

आपलं न्यू जर्सीचं मतदान ५ फेब्रुवारीलाच उरकलं, त्यामुळे बऱ्याच जणांनी निवडणूक डोक्यातून काढून टाकली आहे. पण डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, आणि तिथे २२ एप्रिलला प्रायमरी आहे, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान. मी हिलरी क्लिंटनसाठी सुट्टीच्या दिवशी बक्स काउंटीत दारोदार फिरते आहे. लेव्हिटटाउनमध्ये अजून माणसं कमी पडतात. येत्या शनिवारी माझ्या गाडीत जागा आहे.

हिलरीच का, ते सांगते. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. विमा नसलेला माणूस तपासणी पुढे ढकलत राहतो, शेवटी इमर्जन्सीत येतो आणि मग ते बिल घर विकूनही फिटत नाही. हे मी रोज बघते. या देशात साडेचार कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी आणि बराक ओबामा समोरासमोर आहेत, त्या दोघांच्या योजना मी नीट वाचल्या. हिलरींच्या योजनेत प्रत्येकाने विमा घ्यायचाच, आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकार मदत करणार. ओबामांच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती. धडधाकट लोक बाहेरच राहिले तर आजारी माणसाचा हप्ता उतरणार कसा? मला हा एक मुद्दा पुरेसा आहे.

काम अवघड नाही. सकाळी प्रचाराच्या ऑफिसात यादी मिळते: नाव, पत्ता, वय, पक्षनोंदणी. दार वाजवायचं, बोलायचं आणि नावापुढे १ ते ५ मधला आकडा लिहायचा. १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का समोरच्याचा. घरी कुणी नसेल तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही, कायद्याने मनाई आहे.

काल एका घरी बाई दार ओढून घेऊन माझ्याबरोबर पार रस्त्यापर्यंत आल्या. नवरा जन्माचा रिपब्लिकन, आत बेसबॉल बघत बसलेला. त्या स्वतःही इतकी वर्षं त्याच पक्षात. पेनसिल्व्हेनियात ज्या पक्षात नोंदणी असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि नोंदणी बदलायची मुदत २४ मार्चला संपली. त्यांनी मुदतीच्या आत बदलून घेतली. नवं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं, ते काढून मला दाखवलं. घरात अजून कुणाला माहीत नाही. “मत देऊन आले की सांगेन,” म्हणाल्या.

अशा घरांसमोर जाऊन उभं राहायला माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कळवा.

प्रेषक: एक जुने सभासद, ब्रिजवॉटर
८ एप्रिल २००८

ताई,

तुम्ही घेत असलेल्या कष्टांबद्दल आदर आहे. पण ही ई-मेलची यादी आपल्या मराठी मंडळाची आहे. मी रिपब्लिकन आहे, फेब्रुवारीत आमच्या पक्षाच्या जॉन मॅकेन यांना मत दिलं. मंडळात माझ्यासारखे आणखीही आहेत, ते बोलत नाहीत एवढंच. बोललं की ‘बुशवाले’ म्हणून शिक्का बसतो. गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका जुन्या मित्राचं आणि माझं इराकवरून वाजलं. त्यानंतर नाटकाला आम्ही वेगवेगळ्या रांगेत बसलो. त्याच्या मुलाच्या मुंजीत मी मामासारखा उभा होतो, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दुसरं. गेल्या ऑक्टोबरात बॉबी जिंदाल लुइझियानाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. भारतीय आईवडिलांचा मुलगा या देशात पहिल्यांदाच गव्हर्नर झाला. या यादीवर त्याबद्दल एक ओळ आली नाही. मला कुणाचा प्रचार थांबवायचा नाही, पण वर्गणी सगळ्याच पक्षांचे लोक भरतात.

प्रेषक: एक सभासद, जर्सी सिटी
८ एप्रिल २००८

काकांचं म्हणणं मला पटतं. तरी एकदाच लिहितो.

ताई, मीही शनिवारी नदीपलीकडेच आहे, पण ओबामांसाठी, फिलाडेल्फियात. २००२च्या ऑक्टोबरात सिनेटमध्ये इराक युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावावर हिलरींनी बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात ओबामा शिकागोत त्या युद्धाच्या विरोधात जाहीर सभेत बोलत होते. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या युद्धावरून परत आलेला नाही. त्यामुळे माझ्यासाठी तो मुद्दा पुरेसा आहे.

घरी आई-बाबा दोघंही हिलरींच्या बाजूचे. मला गेल्या जूनमधलं ‘डी-पंजाब’ ऐकवतात. ओबामांच्या प्रचारातल्या लोकांनी हिलरींना ‘डेमोक्रॅट, पंजाब’ म्हणून हिणवणारा कागद काढला, हिलरींच्या भारताशी असलेल्या संबंधांना डाग ठरवलं, ते मलाही लागलं होतं. पण ओबामांनी ती चूक जाहीरपणे कबूल केली. मला तेवढं बास आहे.

आणि हिशेबही बघा. डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात. पेनसिल्व्हेनियात १५८ आहेत. हिलरी दहा टक्क्यांनी जिंकल्या तरी फरक पडेल दहा-पंधराचा, आणि ओबामांची आघाडी दीडशेच्या पुढे आहे.

एक शंका: माझा रूममेट एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याला प्रचाराला येता येईल का?

प्रेषक: सचिव
९ एप्रिल २००८

सर्वांना नमस्कार.

आपलं मंडळ ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था म्हणून नोंदलेलं आहे. १९५४ पासूनच्या कायद्याने अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहता येत नाही. मंडळाचं नाव, पैसा, टी-शर्ट आणि ही यादी यांतलं काहीच प्रचारात वापरता येणार नाही. व्यक्ती म्हणून ज्याने त्याने हवं ते करावं. उमेदवारांबद्दलचे मेल आता यादीवर नकोत. पाडव्याच्या कार्यक्रमात मतदार नोंदणीचं टेबल मात्र ठेवतो आहोत. ते सगळ्या पक्षांना खुलं असल्यामुळे चालतं. तिथे बसायला दोघं हवेत, शक्यतो वेगवेगळ्या पक्षांचे.

एच-१बी किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर असलेल्यांना विनामोबदला काम करता येतं, देणगी मात्र अजिबात देता येत नाही. प्रचाराच्या ऑफिससाठी सामान विकत आणलं तर तेही देणगीतच धरतात. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, प्रायमरीसाठी माणशी २,३०० डॉलरपर्यंत.

प्रेषक: एक सभासद, एडिसन
९ एप्रिल २००८

सचिवांचं म्हणणं मान्य. उमेदवारांवर यादीवर यापुढे लिहिणार नाही, शनिवारचं आपापसांत फोनवर ठरवू.

काका, जिंदालांची बातमी यादीवर यायलाच हवी होती. नोंदणीच्या टेबलावर एका खुर्चीवर मी बसते, दुसरीवर तुम्ही बसा. नोव्हेंबरात मॅकेन यांच्यासाठी तुम्ही दारोदार फिराल तेव्हा शूजची एक जास्तीची जोडी गाडीत ठेवा, पाय फार दुखतात.

जर्सी सिटी, तुझा हिशेब बरोबर असेलही. पण आघाडी आहे म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या माणसाने घरी बसायचं का? ज्यांनी नोंदणी बदलून घेतली, त्यांना मत द्यायचंच आहे. विम्याच्या सक्तीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, त्यावर मला तुझ्याशी बोलायचंच आहे. ऑगस्टमध्ये डेन्व्हरला पक्षाच्या अधिवेशनात दोघांपैकी ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी मी पुन्हा बक्स काउंटीत जाणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

रूममेटला ज्या गाडीत जागा असेल त्या गाडीत येऊ दे. कुणासाठी फिरायचं ते त्याचं तो ठरवेल. मी सकाळी आठला निघते, पाऊस असला तरी.