१७ इंची मॅगव्हील आणि आतून घासलेले टायर: दोष मापाचा की अलाइनमेंटचा?

मूळ मुद्दा

माझ्या हॅचबॅकला कंपनीकडून १८५/६५ आर१५ मापाचे (१८५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर होते. ते काढून मी १७ इंची मॅगव्हील (अलॉय चाके) आणि २०५/४५ मापाचे टायर बसवले. गाडी बहुतेक कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटातून चालते. १८,००० किलोमीटरनंतर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड तारा दिसण्याइतकी घासली आहे, पण बाहेरची नक्षी शाबूत असल्यामुळे चाक खोलेपर्यंत हे लक्षात आले नाही. हवा नियमित भरलेली होती. रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली आणि खड्ड्यांच्या या रस्त्यांना ती पुरत नाही, म्हणून कंपनी त्याच गाडीला जे सर्वांत मोठे माप देते त्यापुढे कोणीही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. दोन्ही मापांचा एकूण व्यास अनुक्रमे सुमारे ६२१ आणि ६१६ मिलिमीटर, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी आहे. टायर कुठे घासला, यावरूनच कारण कळते: मधोमध घासला तर हवा जास्त, दोन्ही कडांना घासला तर हवा कमी, जागोजागी खोलगट झाला तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग, आणि फक्त आतून घासला तर टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाक कललेले असणे). एका चाकाचा टो अर्धा अंश जरी चुकला, तरी दर किलोमीटरला ते चाक जवळजवळ ९ मीटर आडवे फरफटते. नवी चाके बसवताना आणि नंतर दर ५,००० किलोमीटरला आपण अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या या कोनांची जुळणी, केली होती का? आतली कड हाताने चाचपण्याची सवय असती, तर हे अर्ध्यातच सापडले असते.

प्रतिसाद २

इंचांच्या वादात ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचे अंतर, दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. मूळ रिमपेक्षा ऑफसेट १० मिलिमीटरने कमी असेल तर चाक तितकेच बाहेर येते, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टिअरिंगच्या सांध्यांवर अधिक जोराने बसतो. दुकानात बोल्टची भोके जुळली की काम झाले असे मानतात, पण रिमचे मधले भोकही हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) जुळले पाहिजे. मारुतीच्या अनेक गाड्यांना ते ५४.१ मिलिमीटर असते आणि मोठ्या भोकाच्या रिमला रिंग न लावल्यास चाक थरथरते. शिवाय टायरवरचा भारांक (एक टायर किती वजन पेलतो याचा आकडा) पाहा: मूळ टायरवर ८८, म्हणजे ५६० किलो, तर साध्या २०५/४५ आर१७ वर ८४, म्हणजे ५०० किलोच असतो. मला ही सर्वांत गंभीर चूक वाटते, आणि रिमवर आयएसआय खूण नसणे ही त्याखालोखाल.

मूळ लेखकाचे उत्तर

अलाइनमेंट बसवताना झाली होती, त्यानंतर नाही, हे मला मान्य आहे. तरीही पहिल्या प्रतिसादातील निष्कर्ष मला अपुरा वाटतो, कारण टो आपोआप बिघडत नाही; पातळ टायर जो झटका गिळू शकत नाही तो टायरॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आणि लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) रबरी बुशपर्यंत पोचतो, आणि म्हणूनच १५ इंचांवर टिकणारी अलाइनमेंट १७ इंचांवर लवकर ढळते. ऑफसेट मात्र मी विचारलाच नव्हता. आज रिमच्या आतल्या बाजूला ऑफसेटचा ३५ हा आकडा सापडला, आणि टायरवर ८४ लिहिलेले आहे. आता चारही टायर बदलण्याऐवजी मूळ मापाची चाके परत बसवणार आहे.

प्रतिसाद १

पावसाळ्याआधी बसवा, आणि त्याच दिवशी बुश तपासून मगच अलाइनमेंट करा. सैल बुशवर केलेली अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही. मूळ मापापेक्षा एकच इंच मोठ्या, म्हणजे १६ इंची चाकांना मात्र माझा विरोध अजूनही नाही.