टू च्या पुढं आयएनजी लावायचं काय? लवकर सांगा

मलप्रभाकाठ: टू च्या पुढं आयएनजी येतंय काय? आमचे साहेब म्हणतात येतंय. शाळेत आम्हाला टू च्या पुढं मूळ क्रियापद असं शिकवलेत. मी तसंच लिहिलो तर तांबड्या पेनानं गोल करून परत दिलेत. नेटवर बघितलो, सगळं इंग्लिशमध्येच समजावलेत, डोकं फिरलं. उद्या सकाळी जायला पाहिजे. हो की नाही एवढंच सांगा.

टिळकवाडी मास्तर: वाक्य कुठलं?

मलप्रभाकाठ: वाक्य काय करायचंय सर, नियम पाहिजे.

टिळकवाडी मास्तर: वाक्य बघितल्याशिवाय नियम सांगता येत नाही. कधी येतं, कधी येत नाही. आणि उद्या काय जायला पाहिजे? अर्ज? पेपर?

पेठेतला जुना: दादा, 'मी लिहिलो' नव्हे, 'मी लिहिलं'. 'बघितलो' नव्हे, 'बघितलं'. आधी मराठी नीट करा, इंग्रजी आपोआप सुधारेल.

मलप्रभाकाठ: मी दादा नाही, बाई आहे. आणि मराठीचं विचारलो नाही मी.

शहापूरची काकी: पेठकर, आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या कानडीच्या शेजारी राहा, मग तुमचं 'मी लिहिलं' किती टिकतंय बघू. तू वाक्य टाक गं बाळ, ह्यांच्याकडं लक्ष देऊ नको.

निपाणीचा भावा: येतंय की. लुक फॉरवर्ड टू सीइंग यू. आमच्या क्लासला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. लाव बिनधास्त.

मलप्रभाकाठ: धन्यवाद दादा. एवढंच पाहिजे होतं. सगळीकडं केलो.

टिळकवाडी मास्तर: सगळीकडं म्हणजे?

मलप्रभाकाठ: मेलमध्ये जिथं जिथं टू होतं तिथं.

टिळकवाडी मास्तर: पाठवू नका! आधी मेल इथं टाका.

मलप्रभाकाठ: उद्यमबागेत फाउंड्रीत ऑफिसला आहे मी. गिऱ्हाईक जर्मनीचं, माल उशिरा जाणार ते कळवायचंय. नावं काढून टाकतो:

'वी रिग्रेट टू इन्फॉर्मिंग यू दॅट द कास्टिंग्ज आर डिलेड. वी डिस्कस्ड अबाउट द पॅटर्न विथ युवर इंजिनिअर. वी आर ट्राइंग टू डिस्पॅचिंग बाय फ्रायडे. वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.'

साहेबांनी फक्त शेवटच्या वाक्याला गोल केलेत. तिथं 'टू हिअर' होतं.

अथणी फास्ट: घ्या! मेल आहे, गिऱ्हाईक जर्मन आहे, गोल एकाच वाक्याला आहे, आणि हे सगळं आत्ता कळतंय.

मलप्रभाकाठ: मेलच असणार की. ऑफिसातनं दुसरं काय जातंय?

टिळकवाडी मास्तर: बरं. इंग्रजीत टू दोन आहेत, दिसायला एकसारखे. एक टू क्रियापदाचा: वॉन्ट टू गो, ट्राय टू सेंड. त्याच्यापुढं मूळ रूप. दुसरा टू इन, ऑन, फॉर यांच्या जातीचा, शब्दयोगी. त्याच्यापुढं नाम लागतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर आयएनजी लावून त्याचं नाम करावं लागतं. ओळखायला टू च्या पुढं 'इट' ठेवून बघा. 'वी लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून 'टू हिअरिंग'. 'वी आर ट्राइंग टू इट' चालत नाही, म्हणून 'टू डिस्पॅच'. तुमचे साहेब बरोबर आहेत, पण एकाच वाक्यापुरते.

आपण गोंधळतो कारण मराठीत दोन्हीकडं 'यला'च. भेटायला उत्सुक आहे, भेटायला बघतोय.

शहापूरची काकी: कानडीत पण तसंच की. 'नोडाक' म्हटलं की सगळं आलं.

निपाणीचा भावा: मास्तर, तुमचं 'इट' फसतंय. 'ॲग्री टू इट' चालतं. मग 'वी ॲग्री टू सेंडिंग' म्हणायचं का? सगळे 'ॲग्री टू सेंड' म्हणतात.

टिळकवाडी मास्तर: बरोबर पकडलंत. ॲग्रीला दोन्ही टू लागतात: 'ॲग्री टू द प्राइस' आणि 'ॲग्री टू सेंड'. अशी थोडी क्रियापदं आहेत, ती डिक्शनरीतच बघायची. विद्यार्थ्यांच्या डिक्शनरीत शब्दाखाली 'टू डू समथिंग' की 'टू डूइंग समथिंग' ते छापलेलं असतं. आपण नुसता अर्थ बघतो आणि पान मिटतो.

अथणी फास्ट: त्या पद्धतीमागं ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. कुठल्या क्रियापदापुढं काय येतं याचे साचे पाडून त्यानं सोबत्यांबरोबर डिक्शनरी केली, ती 1942 साली टोकियोत छापली. ऐन महायुद्धात, तीही शत्रूच्या भाषेची!

मलप्रभाकाठ: माझ्या मेलचं काय झालं?

निपाणीचा भावा: रिग्रेटमधला टू काढून टाक. 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू.' आयएनजी पण राहिलं, टू पण गेला.

टिळकवाडी मास्तर: अजिबात नको! त्याचा अर्थ 'तुम्हाला कळवलं याचा आम्हाला पस्तावा होतोय' असा होतो. जर्मन माणूस विचारेल, मग कळवलं कशाला? वाईट बातमी आता द्यायची आहे तर 'रिग्रेट टू इन्फॉर्म'. होऊन गेलेल्या गोष्टीचं वाईट वाटतंय तर 'रिग्रेट' आणि आयएनजी. स्टॉपचं तर आणखी अवघड. 'वी स्टॉप्ड सप्लाइंग' म्हणजे माल देणं बंद केलं, 'वी स्टॉप्ड टू सप्लाय' म्हणजे माल देण्यासाठी थांबलो. या चुकीनं ऑर्डर जाईल.

निपाणीचा भावा: एवढं कोण बघतंय? जर्मन लोकांचं तरी इंग्रजी कुठं घरचं आहे? समजल्याशी मतलब.

टिळकवाडी मास्तर: समजलं पाहिजे, पण उलटं समजायला नको. ट्रायचंही बघून ठेवा. 'ट्राय टू डिस्पॅच' म्हणजे पाठवायची धडपड चाललीय. 'ट्राय डिस्पॅचिंग बाय एअर' म्हणजे विमानानं पाठवून बघा, जमतंय का.

चिकोडी ४२: ताई, रोज इंग्रजी पेपर वाचा. मी ग्रामर कधी शिकलो नाही, पेपर वाचूनच फाडफाड बोलतो.

अथणी फास्ट: उद्या सकाळपर्यंत किती पेपर वाचायचे त्यांनी? एआयला टाका, दोन सेकंदात दुरुस्त करून देतंय.

मलप्रभाकाठ: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते बंद ठेवलेत. म्हणून तर इथं आलो.

पेठेतला जुना: 'आले'.

शहापूरची काकी: आलो, आलो, आलो. झालं समाधान?

चिकोडी ४२: मेलच्या खाली गावाचं नाव बेळगावच लिहा हं ताई. बेळगावी नको.

अथणी फास्ट: 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदोपत्री बेळगावी आहे. इनव्हॉइसवर एक आणि मेलवर एक झालं तर बँक कागद परत करेल.

चिकोडी ४२: हेच, हेच! अशा लोकांमुळंच आपला प्रश्न सुटत नाही.

संपादक मंडळ: सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जा. इथले पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

शहापूरची काकी: मास्तर, 'मॅरीड' च्या पुढं 'विथ' येतं की 'टू'? आमच्या पत्रिकेवर 'विथ' छापून आलंय.

टिळकवाडी मास्तर: 'मॅरीड टू'. आपण 'च्याशी' लग्न करतो म्हणून विथ सुचतं. आपण माणसा'वर' रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन' लिहितो, तिथं विथ पाहिजे. पत्रिका राहू द्या काकी, लग्न लागतंय.

मलप्रभाकाठ: हे फायनल, बघा:

'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द कास्टिंग्ज आर डिलेड. वी डिस्कस्ड अबाउट द पॅटर्न विथ युवर इंजिनिअर. वी आर ट्राइंग टू डिस्पॅच बाय फ्रायडे. वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.'

टिळकवाडी मास्तर: छान. फक्त 'डिस्कस्ड' पुढचं 'अबाउट' काढा. डिस्कसला थेट विषय लागतो, 'वी डिस्कस्ड द पॅटर्न'. 'डिस्कशन अबाउट' चालतं, कारण ते नाम आहे. रिक्वेस्ट आणि ऑर्डरचंही तसंच, क्रियापद असेल तर 'फॉर' नको.

मलप्रभाकाठ: त्याला साहेबांनी गोल केलेले नाहीत. राहू दे. पाठवलो.