सायकलिंगसाठी नंबरचा चष्मा कोणता घ्यावा?

प्रश्न: माझा नंबर उणे ४.५ आहे. सिंहगडाच्या रस्त्यावर हँडलवर वाकलो की नजर फ्रेमच्या वरच्या काठाबाहेर जाते आणि पुढचा खड्डा धूसर दिसतो. काय करावे?

उत्तर १: वाकल्यावर आपण काचेच्या वरच्या भागातून पाहतो, म्हणून उंच काचेची, वरची कड नसलेली फ्रेम घ्यावी आणि काच पॉलिकार्बोनेटची असावी, कारण खडा उडून लागला तरी ती सहसा फुटत नाही.

उत्तर २: कानशिलापर्यंत वळलेल्या फ्रेममध्ये एवढा नंबर बसवल्यास कडेचे दृश्य वाकडे दिसू शकते. मी आतून नंबरची वेगळी काच अडकवता येणारा गॉगल घेतला; मात्र चढावर वेग मंदावला की त्या आतल्या काचेवर वाफ धरते, हे आधीच सांगतो.

प्रश्नकर्ता: मग उंच काचेचीच फ्रेम पाहतो.