विकसनशील आणि उदयोन्मुख : एकच का?

कॉलेजरोडकर: मुलगी अकरावीला आहे, अर्थशास्त्र घेतलंय. विकसनशील आणि उदयोन्मुख एकच ना पप्पा, असं तिने विचारलं, मी बिनधास्त हो म्हटलं आणि मग मलाच डाऊट आला. शिवाय वाढ, वृद्धी, विकास यातलं ग्रोथ कुठलं?

पंचवटीकर: वृद्धी म्हणजे ग्रोथ. फक्त आमच्या आजीसमोर 'देशात वृद्धी झाली' म्हणू नका, तिच्या लेखी वृद्धी म्हणजे बाळंतपणाचं सोयर, मुलगा की मुलगी विचारेल आणि दहा दिवस देव बंद :)

शब्दवेडा: विकसित हे मूळचं फुलाचं, म्हणजे उमललेलं. विकसनशील मधलं 'शील' सहनशील मधलंच, स्वभावच तसा, म्हणजे आपण कायम उमलतच राहणार की काय! उदयोन्मुख म्हणजे उगवायच्या बेतातलं, पूर्वी हे फक्त कवी-गायकांना लागायचं. इमर्जिंग मार्केट्स, म्हणजे उदयोन्मुख बाजारपेठा, हे नाव १९८१ मध्ये आंत्वान व्हान अ‍ॅख्तमेल यांनी काढलं, ते जागतिक बँकेच्या आयएफसीत, म्हणजे खासगी उद्योगांना पैसा पुरवणाऱ्या शाखेत होते, 'थर्ड वर्ल्ड' फंड म्हटलं की पैसेवाले नाक मुरडायचे म्हणून. थोडक्यात हा गुंतवणाऱ्याचा शब्द, विकसनशील हा मदत देणाऱ्याचा. २००१ चं 'ब्रिक' (ब्राझील, रशिया, इंडिया, चीन) पण गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या जिम ओ'नील यांचं, म्हणजे तेही त्याच गल्लीतलं.

निफाडचा बागाईतदार: वाढ आणि विकासाचं आमच्या द्राक्षबागेत या बघायला. नवीन वेल काय शेंडा काढते, बघत राहावं, पण घड कुठंय? जुनी बाग हातभर वाढेल पण माल देते. मग देशाची वाढ ७ टक्के, ७ टक्के काय घेऊन बसलात. आपला दरडोई जीडीपी अडीच-पावणेतीन हजार डॉलर, त्याचे ७ टक्के दोनशेच्या आतच, अमेरिकेचा ८० हजारांच्या वर, तिथे नुसते २ टक्के वाढले तरी सोळाशे. शेंडा आपला लांब, घड त्यांचा जड.

पंचवटीकर: पण दादा, जुन्या बागेत शेंडा खुंटतो ना, जपानचं बघा की, कित्येक वर्षं जागच्या जागी.

निफाडचा बागाईतदार: खुंटू दे, घड आहेत ना. आमच्याकडे तर शेंडा जास्त पळाला की खुडावा लागतो, नाहीतर काडी पिकत नाही.

कॉलेजरोडकर: बरं, मग दक्षिण कोरियाला काय म्हणायचं? २०२१ मध्ये अंकटाडने (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासाची संस्था) त्याला विकसनशील गटातून काढून विकसित मध्ये टाकलं म्हणे.

शब्दवेडा: म्हणजे 'शील' सुटतं तर! आणि जागतिक बँकेने २०१६ पासून आपल्या आकडेवारीत हे दोन गट करणंच सोडलंय.

कॉलेजरोडकर: हे सगळं वाचून दाखवलं तर ती म्हणते पप्पा, दोन मार्कांना एवढं लिहायचं?